तारखेची मोकळी जागा

सोपान आबा जिवंत असताना मी त्यांना श्रद्धांजली वाहिली. तीही सोनेरी अक्षरांत, मागे भाताची खाचरं आणि कोपऱ्यात तेवती समई लावून. शिवाय खाली आमच्या दुकानाचं नाव आणि नंबर टाकून. त्या नावाची आणि नंबरची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी सारिका. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत सीतारामभाऊंचं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे चार वर्षं मी कॉम्प्युटरवर बसते. राहायला कुसगावात. दुकानाचा एक व्हॉट्सअॅप नंबर आहे. त्यावर लोक प्रिंट काढायला काय काय पाठवतात ते सांगितलं, तर तुम्ही उद्यापासून झेरॉक्सवाल्याच्या दारात उभे राहणार नाही. आधार कार्डं, पासबुकं, घटस्फोटाच्या नोटिसा, सोनोग्राफीचे रिपोर्ट, नव्या जोडप्यांचे हॉटेलात दाखवायचे लग्नाचे दाखले. लोक प्रिंट घेतात आणि निघून जातात. फाइल आमच्याकडे राहते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र मी भारी कडक. फोनला बोटाचं कुलूप, व्हॉट्सअॅपला वेगळं कुलूप, मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सोय. डीपीला तोंड न दिसणारा फोटो. आई चपात्या लाटता लाटता ओटीपी मोठ्याने वाचायची, तर मी तिच्यावर खेकसायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कुणी काढली माहीत नाही, पण काढताना माझ्यासारखंच कुणीतरी त्याच्या समोर बसलेलं असणार.

आता बॅनरचं सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की आधी बॅनर लागतं, मग रडणं. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच. कुणी गेल्याचं कळलं की पंधरा मिनिटांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आळीच्या ग्रुपवर यायला हवी. फोटो, वय, अंत्यविधी किती वाजता. ज्याचं बॅनर आधी येतं तेच सगळे स्टेटसला ठेवतात. दिवाळीत आळीतली एक म्हातारी गेली, तेव्हा कार्ल्याच्या सत्यमने माझ्या आधी बॅनर सोडलं. तोही हेच काम करतो. वय चुकलेलं, आणि म्हातारीच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी तुटका हात. तरी चार गावांत तेच फिरलं. माझा दोन दिवस जळफळाट झाला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. हळदीत, साखरपुड्यात, जत्रेत म्हातारी माणसं दिसली की त्यांचा एक चांगला फोटो काढायचा. दुकानात आल्यावर मागचं सगळं कापून तो 'मोठी माणसं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. त्या दिवशी घरच्यांना फोटो शोधत बसायला लागू नये, असं मी मनाला सांगायचे. ते खोटं नव्हतं. पण सत्यमच्या आधी, हेही त्यात होतंच. ती माणसं माझ्याकडे बघून हसायची, पोरगी कौतुकाने फोटो काढते म्हणून पदर सारखा करायची.

सोपान आबा आमचे शेजारी. दोन घरं सोडून. त्यांची एकुलती एक मुलगी राजेश्वरी तिकोणा पेठेला दिलेली. घरात आबा आणि शालन मावशी, दोघंच. मावशींचे गुडघे तीन वर्षांपासून गेलेले. तीन पायऱ्या उतरायच्या तर पाठमोऱ्या, हात टेकत, लहान पोर पलंगावरून उतरतं तशा. दोन वर्षं थांबल्यावर ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशनचा नंबर लागला होता. जानेवारीची बावीस तारीख. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी.

जानेवारीच्या सुरुवातीला आबा दुकानात आले. अंगात नवा आकाशी शर्ट, डोक्यावर धुतलेली टोपी. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, ह्यात एक कागद आलाय, तो काढून दे, आणि काय लिहिलंय ते वाचून दाखव. मावशींना तपासायला नेत होते तेव्हा तिथल्याच डॉक्टरांनी आबांचा उतरलेला चेहरा बघून, मावशींना न कळवता, त्यांचीही तपासणी केली होती. त्याचा रिपोर्ट होता. इंग्रजीत.

मी वाचला. पोटातली गाठ, आणि ती कुठवर पसरली आहे ते. मी मराठीत सांगताना अर्धं गिळून टाकलं, पण आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी विचारलं किती दिवस, मी म्हटलं रिपोर्टात तसं लिहीत नाहीत. मग ते बाकावर बसले.

"डागदर म्हणतोय घरातलं माणूस घेऊन या. आता कुणाला नेऊ? तू काय परकी हाईस व्हय?" ते म्हणाले. "शालनला कळलं तर ती ऑपरेशनला जायची न्हाई. मला सोडून ती दवाखान्यात पडून ऱ्हाणार न्हाई. बावीस तारखेपातूर तुझ्या पोटात राहू दे, सारिके. मग मी सांगतो तिला."

मी आईची शपथ घेतली. उपचाराच्या योजनेच्या कार्डासाठी त्यांना फोटो लागणार होता, म्हणून भिंतीपुढे उभं करून एक काढला. ते अवघडून उभे राहिले. मी म्हटलं, आबा, हसा की जरा, चहा पाजते. ते हसले. इतका चांगला फोटो माझ्या हातून आजवर निघाला नव्हता.

आणि मी तोंडाने खरंच कुणाला काही बोलले नाही. आईलासुद्धा नाही. ह्याचा मला अभिमान होता, बरं का. गुपित म्हणजे तोंडाने सांगायची गोष्ट, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. हाताने काही होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही.

अकरा तारखेला दुपारी दुकानात कुत्रंही नव्हतं. मी फोल्डर उघडलं, आबांचा तो फोटो घेतला आणि बॅनर करायला बसले. का? कारण फोटो चांगला होता. कारण उद्या-परवा लागणारच होतं. हे वाक्य मी तेव्हा मनात अगदी असंच म्हटलं, मला आठवतंय. कार्ल्याच्या बाजूची भाताची खाचरं मागे लावली. कधीकाळी आबांच्या बैलजोडीचं शर्यतीत नाव होतं, म्हणून एका कडेला पुसटशी जोडी. जन्मसाल टाकलं. तारखेची जागा मोकळी सोडली. खाली दुकानाचं नाव, नंबर. तासभर मी त्यात रमले होते, मधे एकदा गुणगुणलेसुद्धा.

आकाश माझा चुलतभाऊ. पर्यटकांना गाडीतून फिरवतो आणि आळीच्या ग्रुपचा अॅडमिन आहे. आदल्या आठवड्यातच तो म्हणाला होता की तुझी बॅनरं रेशनच्या दुकानातल्या फळ्यासारखी दिसतात. ते मला लागलं होतं. मी बॅनर त्याला पाठवलं. आणि खाली लिहायला घेतलं: 'कुणाला दाखवू नको, आबा बरे आहेत, नुसतं डिझाइन बघ.' लिहिता लिहिता एक गिऱ्हाईक चाळीस पानी फॉर्म घेऊन आलं. मशीनमध्ये कागद अडकला. तो काढून, हात पुसून मी मेसेज पुरा केला आणि पाठवला. मधे चार मिनिटं गेली असतील.

ते वाक्य आधी लिहून फोटो मागून पाठवला असता, तर आज मला हे लिहायला लागलं नसतं. पण आमच्यात कुणीच तसं करत नाही. आधी पाठवतो, मग म्हणतो कुणाला सांगू नको. माझे मेसेज चोवीस तासांत पुसले जातात, पण आक्याला चार मिनिटं पुरली. पॉइंटवर गाडी लावून उभा होता, गिऱ्हाइकं फोटो काढत होती. श्रद्धांजली दिसली, ग्रुपवर ढकलली, स्टेटसला लावली आणि गाडी घाटात घातली. तिथे फोन लागत नाही.

मी ग्रुप उघडला तेव्हा त्रेसष्ट जणांनी हात जोडले होते. एकाने जोडले, पुढच्याने त्याचेच कॉपी केले. तारखेच्या जागी काहीच नाही, हे एकालाही दिसलं नाही. आबांच्या घरी एकानेही फोन केला नव्हता. मी लिहिलं की आबा बरे आहेत, हे चुकून गेलंय. त्याच्याखाली आणखी पाच जणांनी हात जोडले, आणि एकाने लिहिलं, ताई, धीर धरा.

रिक्षा करून कुसगावला आले. आळीच्या तोंडाशीच उतरले, कारण रस्त्यात माणसं होती. आणि त्या माणसांच्या पुढे शालन मावशी चालत येत होत्या. अनवाणी, भिंतीला धरून. तीन वर्षांत एकटी उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई तीन पायऱ्या उतरून, देवळापर्यंतचा चढ चढून निम्म्या वाटेवर आली होती. बायका धरायला जात होत्या, त्यांचे हात झटकत होत्या. आबा दळणाचा डबा घेऊन सायकलवरून गिरणीत गेले होते, आणि मावशी त्यांना आणायला निघाल्या होत्या. मेलेल्या माणसाला आणायला, की जिवंत माणसाला, ते त्यांना माहीत नव्हतं.

मला बघून थांबल्या. रडत नव्हत्या.

"सारिके, खाली तुमच्या दुकानाचं नाव हाय म्हनत्यात. तूच केलंस ना? मग सांग, कुटं हाईत ते?"

मी म्हटलं गिरणीत आहेत, काही झालं नाही, चुकून गेलं. त्या ऐकत नव्हत्या. एवढ्यात वळणावर सायकल दिसली. आबा, मागे डबा, टोपीवर पीठ. गिरणीच्या आवाजात खिशातला फोन त्यांना ऐकूच आला नव्हता. मावशी रस्त्यातच खाली बसल्या. गुडघे दुमडत नसलेली बाई ती, एका कुशीवर कलंडून कशीतरी बसली. आबांनी सायकल टाकली, डबा उलटला. मावशींनी त्यांचा हात धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून बघितला. मी तिथे पिठात उभी होते. धरणीमाय, पोटात घे, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी शब्दशः म्हटलं.

मग काय, लोक हसायला लागले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, आबा आता शंभरी गाठणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. चहा ठेवला गेला. चुलीवर दुसऱ्या चहाचं आधण उकळत असताना राजेश्वरीताई नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आली. तिकोणा पेठेपासून सगळा रस्ता ती रडत आली होती. लांबूनच तिचा टाहो ऐकू आला. ओटीवर बापाच्या हातात चहाची बशी बघून ती तशीच दाराच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि तिला ओकारी आली.

तोवर आकाशही उगवला. सगळे त्याच्यावर धावून गेले, तर तो म्हणाला मला सारिकाने पाठवलं. सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. आबाही. बशी हातात तशीच धरून. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. भीती होती. बावीस तारखेची.

शालन मावशींनी बरोबर तेच विचारलं.

"चुकून गेलं ते कळलं. पर आदुगर केलंसच कशापायी? आन् ह्यांचंच का?"

मला दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, आणि मावशींचे गुडघे जन्मभर तसेच ठेवायचे. नाहीतर दुसरं काहीतरी.

"त्यांचं एकट्याचं न्हाई, मावशी," मी म्हटलं. "आळीतल्या समद्याच मोठ्या माणसांचं मी करून ठेवलंय. येळेला घाई नको म्हणून."

सरूबाई, आळीतली सगळ्यात म्हातारी बाई, दाराशी बसली होती. तिने विचारलं, माझं बी? मी म्हटलं, व्हय. तिने पदर पुढे ओढला. बापू कोपऱ्यात उभे होते, माझे वडील. ते खाली बघत होते.

मावशी म्हणाल्या, उद्या सकाळी घेऊन ये, समद्यांची बघायची हाईत मला.

आणि माझ्याकडे एकच बॅनर होतं. बाकी नुसते फोटो.

तशीच मागे फिरून दुकानात गेले आणि रात्री उशिरापर्यंत बसून दहा बॅनर केली. जिवंत माणसांची. पहिल्यासारखं रमणं नव्हतं. प्रत्येक चेहरा मोठा करून पडद्यावर यायचा, मला बघून हसायचा, आणि मी त्याच्या डोक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' चिकटवायचे. सरूबाई. मारुतीच्या देवळातले गुरव. शालन मावशी स्वतः, भाच्याच्या लग्नातल्या, तोंडात घास. आणि बापू. बापू अठ्ठावन्नचे आहेत, त्या फोल्डरमध्ये असायचं काही कारण नव्हतं. पण सगळ्यांची दाखवून बापाचं नसतं, तर कुणीतरी विचारलंच असतं. हॉटेलच्या वॉचमनच्या गणवेशातला फोटो होता, तोच सापडला. बापूंच्या नावामागे 'कै.' लिहिताना माझं बोट त्या बटणावर जाईना. मी डोळे मिटून दाबलं.

सीतारामभाऊ मागे उभे राहून बघत होते. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. माझं नाव काढ त्याखालनं, एवढंच म्हणाले. मी अकराही बॅनरवरून दुकानाचं नाव काढलं.

सकाळी मावशींच्या ओटीवर सगळे जमले. माझा फोन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. ज्या फोनला मी दोन दोन कुलपं लावली होती, तो अख्ख्या आळीने चिवडला. गुरवांनी स्वतःचं बघून फोन खाली ठेवला आणि निघून गेले, त्यानंतर त्यांनी मला कधी अंगारा दिला नाही. एकाने विचारलं, यमाकडून यादी येती का तुला? सरूबाईने डोळ्याशी धरून खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, माझी नथ कुटाय? नथीतला फोटो लाव. दोघं-तिघं हसले. मला वाटलं, हसण्यावारी गेलं. मग फोन बापूंकडे गेला. त्यांनी बघितलं, पुढच्या माणसाला दिला. घरी आल्यावर म्हणाले, गणवेशातला नको होता. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि आई बोलायची ती भिंतीकडे बघून.

शालन मावशी मात्र सगळ्यांत शेवटी, सावकाश, एकेक बघत होत्या. आबांचं त्यांनी बोटांनी मोठं करून बघितलं. मग फोन मला परत दिला. बरं हाय, म्हणाल्या.

त्या दिवसापासून आळीत माझं नाव चित्रगुप्त पडलं. मी फोन वर केला, अगदी वेळ बघायला जरी, तरी म्हाताऱ्या बायका तोंडावर पदर घ्यायच्या. मी ते फोल्डर पुसलं. दुकानाच्या कॉम्प्युटरमधल्या लोकांच्या फाइलीही त्या आठवड्यात पुसल्या, चार वर्षांच्या, एकेक. त्याने काही फिटत नाही हे पुसतानाही मला कळत होतं. आबांच्या पायावर जाऊन पडावं असं वाटायचं, पण त्यांच्या घरासमोरून जाताना मी चपला हातात घ्यायचे, आवाज होऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी तेच दुकानात आले. त्याच बाकावर बसले. मी स्टूलवरून उठले आणि उभीच राहिले.

"रिपोर्ट वाचून केलंस ना त्ये?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा."

"फोटू कार्डासाठी काढलावता."

"व्हय."

मी वाट बघत होते की आता शिवी देतील, मारतील. आमच्या बापूंनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं, तसंच हे.

"तारीख मोकळी ठिवलीस, त्ये बरं केलंस," ते म्हणाले. आणि मग, "परवा समद्यांच्या शिव्या माझ्यापायी खाल्ल्यास. शालनला पटलं बग. जाणार हाय ती बावीसला."

ते माझे आभार मानत होते. मी त्यांना जिवंतपणी मारलं, आणि ते माझे आभार मानत होते. मी रडले तर म्हणाले, रडू नको, गिऱ्हाईक यील.

बावीस तारखेला सकाळी आकाशने गाडी आणली. फुकट, त्या दिवशीची दोन गिऱ्हाइकं सोडून. आळीतली चार माणसं मावशींना निरोप द्यायला आली होती, मी भिंतीच्या आड उभी होते. मावशींनी मला बघितलं आणि हाक मारली. पायऱ्या उतरायच्या हाईत, हात दे म्हणाल्या. राजेश्वरीताई पुढे झाली, तर तिला पिशवी आणायला घरात पाठवलं. आबा गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, फाइल मांडीवर घेऊन.

मी हात दिला. मावशी पाठमोऱ्या पहिल्या पायरीवर आल्या आणि थांबल्या. त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं.

"तुझ्या बापाचा सोडला तर समद्यांचे फोटू लग्नाजत्रंतले," त्या हळू म्हणाल्या. "ह्यांचा एकट्याचाच आत्ताचा. त्यो शर्ट मी दिवाळीत घेतला. त्यांनी पयल्यांदा घातला त्या दिशी मला म्हनाले खताचं बघाया चाललोय. आन् खिशात हिरवा कागद हाय. तसला माज्या फायलीत बी हाय, त्याच दवाखान्याचा."

आबांच्या मागचं सगळं मी कापलं होतं. केसापर्यंत साफ. खिसा मी बघितलाच नव्हता.

मी म्हटलं, मावशी, मग तुमी आज... जाऊ नका तुमी.

"जाते की," त्या म्हणाल्या. "आता तर जायाच पायजे. त्यांना उठवाया, बसवाया, मोरीत न्याया घरात कोन हाय? पाय धड पायजेत माजे. म्हनून जाते." दुसरी पायरी उतरल्या. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "पर मला ठावं हाय ह्ये त्यांना सांगू नको. त्यांच्या जिवाला तेवढंच समाधान. तुझ्या पोटात राहू दे."

तिसरी पायरी. मग अंगण. मी त्यांना गाडीपर्यंत नेलं, पाय उचलून आत ठेवले, एक, मग दुसरा. दार लावलं.

आबांनी पुढच्या खिडकीतून मान बाहेर काढली. मावशींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, काय म्हणत होती गं?

"काय न्हाई," मी म्हटलं. "गुडघा दुखतोय म्हनाल्या."

त्यांनी मान हलवली आणि हसले. फोटोत हसले होते तसेच. मग आकाशने गाडी वळवली.